मातीआड

“आधी पडदा ओढ,” सिस्टर जिनेव्रा म्हणाली, “मग मला उठवून बसव.”

मी खिडकीशी गेले. पलीकडे नदीच्या बांधावर त्या दिवशीही माणसं उभी होती. फेब्रुवारीतलं धुकं, बोटं आखडून टाकणारा गारठा, आणि ही मंडळी पोराबाळांसकट, गाठोड्यात पाव बांधून, सकाळपासून आमच्या खिडकीकडे तोंड करून उभी. आमचा मठ बंदिस्त. आत आलेली बाई पुन्हा उंबरा ओलांडत नसे आणि बाहेरचं कुणी आत येत नसे. पण नदीपलीकडून बघायला कुणाची बंदी नव्हती. मी पडदा ओढला तसा बांधावरून नाराजीचा गलका ऐकू आला.

“किती जण आहेत?” तिनं विचारलं.

“असतील थोडेफार.”

“तुला धड खोटंही बोलता येत नाही, पाचिफिका. तू पापनिवेदनाला बसतेस तेव्हा फादर अन्सेल्मोंना डुलकी लागत असेल.”

मी तिच्या पाठीशी उशी सारली. अंगात काडीचं बळ उरलं नव्हतं, पण जीभ शाबूत होती.

जिनेव्रा माझ्या आईच्या वयाची. आज मी तिच्याहून म्हातारी झाले आहे, म्हणून खुशाल ‘ती’ म्हणते. तेव्हा तोंडावर अहो-जाहोच करायचे. मठात मी तिच्या हाताखाली रंग घोटायला होते, आणि तिनं अंथरूण धरल्यावर तिची सेवाही माझ्याकडेच आली. ती चित्रं काढायची. नव्यानं आलेल्या मुलींसाठी देवाशी कसं बोलावं याची पुस्तकं लिहायची, आणि त्या पुस्तकांत पानाच्या कडेला जिथं जागा उरेल तिथं बाळ येशू काढायची. तोही कसा, तर गुबगुबीत, एका पायातला मोजा गळून पडलेला. एका पानावर तर तो चक्क भोकाड पसरून रडत होता. आमच्या मठाच्या प्रमुख मदर लिओनार्दा, त्यांनी विचारलं, “देवाचं लेकरू असं रडतं का गं?” तर ही म्हणाली, “दात येताना सगळीच रडतात, मदर.”

पण गाव तिला चित्रांसाठी ओळखत नव्हतं. मिस्साच्या, म्हणजे चर्चच्या उपासनेच्या, ऐन वेळी, वेदीवर पवित्र भाकर उंच धरली जाई तेव्हा, जिनेव्रा असेल तिथं ताठ होऊन जायची. डोळे उघडे, आणि चेहऱ्यावर असं काही सुख की बघणाऱ्याला रडू यावं. हाक मारा, चिमटा काढा, तिला पत्ता नसे. मग चॅपलमध्ये, आमच्या प्रार्थनाघरात, लोखंडी जाळीपलीकडच्या बाहेरच्या भागात गावकऱ्यांची रेटारेटी सुरू व्हायची. कुणी आजारी पोर तिच्या दिशेनं उचलून धरी, कुणी नुसतंच आ वासून बघत राही.

“तेव्हा तुम्हाला दिसतं काय?” असं मी एकदा धीर करून विचारलं होतं.

“ते सांगता आलं असतं तर सांगितलं असतं. त्याबद्दल माझी तक्रारही नाही. पण परत भानावर येते ना, तेव्हा जाळीतून सगळे डोळे माझ्यावर. न्हाणीघराचं दार कुणी उघडं टाकून गेल्यासारखं वाटतं.”

त्या दिवशी उशीला टेकल्यावर तिनं बोटांनी डोकं चाचपलं. मग म्हणाली, “काल तू माझे केस कापलेस. गेले कुठे ते?”

“सिस्टर ब्रिजिदांनी नेले. जाळून टाकते म्हणाल्या.”

“ब्रिजिदा? आणि जाळणार?” ती इतकी हसली की खोकल्याची उबळ आली. “तिच्या उशीचा अभ्रा उसवून बघ. केस तर केस, माझी नखंसुद्धा निघतील त्यातून, संताची ठेव म्हणून जपलेली.”

मलाही हसू फुटलं. ब्रिजिदा आमच्यातली सगळ्यांत भाविक आणि सगळ्यांत बडबडी. पण खोकला थांबला आणि मी तिचं तोंड पुसू लागले, तेव्हा जिनेव्राच्या डोळ्यांत मला भीती दिसली. मरणाची नव्हे. मरणाला ती कधीचीच तयार होती.

“ऐक,” तिनं माझं मनगट धरलं. “मला मातीत ठेवायचं. आपल्या बाकीच्या जणींसारखं, कोबीच्या वाफ्यापलीकडे, तोंडावर फडकं टाकून. आणि मातीतच राहू द्यायचं. आयुष्यभर लोकांनी मला पाहिलं. देवासाठी सोसलं मी. पण मेल्यावर कुणी बघायचं नाही. तेव्हा तरी माझं तोंड माझं असू दे. शब्द दे मला.”

“माझ्या शब्दाला या मठात कोण विचारतं, सिस्टर?”

“आणि मी तरी दुसऱ्या कुणाला विचारू?”

मी शब्द दिला. पोरवयात शब्द द्यायला जड जात नाही. तिनं मनगट सोडलं आणि चित्रं काढणं सुटल्यापासून जे एकच मागणं ती मागायची ते मागितलं. रंग पातळ करायला आम्ही लव्हेंडरचं तेल वापरत असू. त्याची बुधली तिच्या नाकाशी धरायची, बस्स. ती डोळे मिटून हुंगायची आणि मला म्हणायची, “आता मी आभाळ रंगवतेय. गप्प बस.”

त्याच आठवड्यात ती गेली. दुपारच्या प्रार्थनेची घंटा होत होती. मी तिला भरवायला पेज घेऊन आले, तर पेज भरवायला कुणी उरलं नव्हतं.

आमच्यात पेटी नसे. फळीवरून उतरवून सरळ मातीत ठेवत. तोंडावर फडकं टाकायला मीच खड्ड्यात उतरले. माझ्या झग्यात ती तेलाची बुधली होती. नियमानं ती रंगांच्या कपाटात परत जायला हवी होती. मठात कुणाचं स्वतःचं असं काही नसतं. पण तेलात रंग कालवणारी दुसरी कुणी आमच्यात राहिली नव्हती, आणि मला तिच्या अंगावर नुसती गार माती टाकवेना. मी ते सगळं तेल फडक्यावर, छातीवर, जुळवलेल्या हातांवर ओतलं. वर आले तर मदर लिओनार्दा माझ्याकडेच बघत होत्या. त्यांनी नजर फिरवली आणि पहिली मूठ माती टाकली.

पंधरवडाभर सगळं गोठलेलंच होतं. मग एके दिवशी लख्ख ऊन पडलं, माती सैल झाली, आणि कोबी खुडायला गेलेली ब्रिजिदा टोपली फेकून ओरडत आली. “फुलांचा वास! जिनेव्राच्या मातीतून फुलांचा वास येतोय! अगं, स्वर्गातली फुलं!”

सगळ्या जणी धावल्या. ज्यांना काठीशिवाय पाऊल टाकता येत नव्हतं त्याही निघाल्या. मी मात्र उलट्या दिशेला, मदरच्या खोलीकडे पळाले आणि धापा टाकत सांगून टाकलं, “मदर, ते तेल आहे. लव्हेंडरचं. मी ओतलं होतं.”

“दार लाव,” मदर म्हणाल्या. मी दार लावलं. “मला माहीत आहे. मी पाहिलं होतं.”

“मग चला ना, सांगा त्यांना! ब्रिजिदा सिस्टर हातानं माती उकरायला लागतील!”

मदर जागच्या हलल्या नाहीत. त्या कष्टाळू बाई होत्या, ढोंगी नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवते. “ईस्टरनंतर आपला मठ मोडणार आहेत,” त्या म्हणाल्या. “लहान मठ मोठ्यांत मिसळायचे असं बिशपांचं चाललंय. आपल्यातल्या निम्म्या जणी थकलेल्या. दोघींना इथं, तिघींना तिथं, अशा वाटून टाकतील. जन्मभर एका ताटात जेवलेल्या बाया परक्या भिंतींकडे बघत मरतील. पण फुलांचा वास आणि न कुजलेला देह ही संताची खूण मानतात, आणि ज्या मठात संत आहे, पाचिफिका, तो मठ कुणी मोडत नाही.”

“तिनं माझ्याकडून शब्द घेतलाय. मातीतच राहू द्या म्हणाली.”

“जिनेव्रा गेली, बाळ. या सगळ्या जिवंत आहेत.”

मी दार उघडून बाहेर आले.

मदर ऐकत नाहीत म्हटल्यावर मी पापनिवेदनाच्या खिडकीशी गेले. फादर अन्सेल्मो बाहेरच्या बाजूला होते. ते आम्हाला मिस्सा सांगायला येत, आणि तोवर बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. त्यांचा आवाज आनंदानं कापत होता. मी सगळं सांगितलं, बुधली केवढी होती तेसुद्धा.

“तेल ओतायला तुला कुणी सांगितलं?” त्यांनी विचारलं.

“कुणी नाही, फादर. माझ्या मनात आलं.”

“आणि मनात कुणी आणलं?”

इथंच घोडं पेंड खाऊ लागलं.

“बघ, बाळ. देव स्वतः अत्तरदाणी घेऊन शेतात उतरत नाही. तो कुणाचा तरी हात वापरतो. त्यानं तुझा वापरला. तुला वाटतं तू तेल ओतलंस. येशूच्या कोळी शिष्यांनाही वाटलं होतं की आपण नुसतं जाळं टाकलं, पण चमत्कार त्याचा होता.”

“पण फादर, तिला बाहेर यायचं नव्हतं!”

“संतांना कधीच यायचं नसतं. हीच त्यांची खूण.” मग आवाज हळू झाला, पण पक्का झाला. “तेलाबद्दल आता कुणाशी बोलायचं नाही. भोळ्या माणसांची श्रद्धा डळमळेल. ही माझी आज्ञा समज.”

मी काही म्हटलं तरी ते तिच्या पवित्रपणाच्या पारड्यात जाऊन पडत होतं. आणि आज्ञा मोडणं आमच्या व्रतात बसत नाही. चुलीत हात घाल म्हटलं तर घालायचा. फादर गेले, मदर गेल्या, आता आज्ञेची आठवण द्यायला कुणी उरलं नाही, म्हणून हे बोलते आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी उकरायला सुरुवात झाली. पुरुषाला आत यायची परवानगी नाही, त्यामुळे कुदळी आम्हीच चालवल्या. मी पुढे होऊन खड्ड्यात उतरले. निदान दुसऱ्या कुणाच्या आधी तिच्याजवळ असावं, एवढंच मनात होतं. मातीचा शेवटचा थर मी हातांनी काढला. फडकं ओलं होऊन चेहऱ्याला चिकटलं होतं. वरून ब्रिजिदा ओरडत होती, “उघड! उघड ना गं!” मी तसंच ठेवून बसले, तर मदर म्हणाल्या, “पाचिफिका, उघड.”

मी उघडलं. नाक जरा दबलं होतं आणि रंग मातकट झाला होता. बाकी ती होती तशी होती. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. पुन्हा कधी दिसणार नाही म्हणून रोज रडत होते, तो चेहरा समोर होता. तिनं जे नको म्हटलं होतं ते पहिल्यांदा मीच केलं, डोळे भरून पाहून घेतलं. वर सगळ्या गुडघ्यांवर पडून मोठमोठ्यानं रडत होत्या, देवाचे आभार मानत होत्या. अशा वेळी कुणाला थांबवणार?

तरी मी एकदा प्रयत्न केला. तेलाबद्दल बोलायचं नव्हतं, म्हणून दुसरीकडून गेले. “मदर, आपण थंडीत सलगमचे कंद याच मातीत पुरून ठेवतो. मार्चपर्यंत ते टवटवीत राहतात. ही माती गार आहे, चिकट आहे. तिला परत झाकू या.”

“ऐकलंत?” ब्रिजिदा किंचाळली. “ही सिस्टर जिनेव्राला सलगम म्हणते!”

त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही. जेवताना माझ्या बाजूची जागा मोकळी राहायची. जिनेव्रावर मी जळत होते, असंही एकीचं म्हणून झालं.

त्यांनी तिला धुतली, नवा झगा घातला आणि चॅपलच्या आतल्या बाजूला, जाळीसमोर, उंच पाठीच्या खुर्चीत बसवायचं ठरवलं. झोपवलेले संत पुष्कळ आहेत, बसलेला कुणी पाहिला नाही, असं फादर म्हणाले. गावानं तर डोक्यावर घेतलं होतं. बांधावर आता तंबू पडले होते. बिशपांनी येत्या रविवारी जातीनं येतो म्हणून निरोप पाठवला.

रविवारी सकाळी तिला खुर्चीत बसवली आणि मान पुढे पडली. वर केली, डावीकडे पडली. मेल्यावर आलेला ताठरपणा कधीचाच गेला होता. आता ते एक दमलेलं अंग होतं, त्याला आडवं व्हायचं होतं. मी म्हटलं, “मदर, तीच सांगतेय. राहू द्या आता.” मदरनी कपाळाला पट्टा बांधून पाहिला. पट्टा दिसत होता, आणि त्यानं ती पकडून आणलेल्या चोरासारखी दिसत होती. तो सोडला. बाहेर बिशपांच्या घोड्यांच्या टापा वाजल्या.

मदरनी खुर्चीच्या पाठीच्या उभ्या दांड्यांवरून जमिनीपर्यंत लाल कापड सोडलं, त्याला मागून एक चीर पाडली आणि मला हाक मारली. “तू मागे बस. हात आतून घाल आणि मान धर. शिरोवस्त्राखाली कुणाला दिसणार नाही. फक्त एवढी मिस्सा. पुढच्या वेळेपर्यंत सुतार काहीतरी करून देईल.”

“दुसरं काहीही सांगा, मदर. हे मला नका सांगू.”

“मग ब्रिजिदाला सांगू? ती हात लावताच झीट येऊन पडेल, आणि जिनेव्रालाही खाली घेईल.” मदरचे ओठ पांढरे पडले होते. “तुझ्या हातात ती नीट राहील. हे तुलाही ठाऊक आहे.”

इकडे आड, तिकडे विहीर. मी खुर्चीमागे गुडघ्यांवर बसले आणि चिरेतून हात घातला. तिची मान गार आणि ओलसर होती. आजारात किती वेळा मी हीच मान असाच हात घालून उचलली होती, पाणी पाजायला. बोटांना जागा माहीत होती.

जाळीपलीकडचे चॅपलचे दरवाजे उघडले. मला काही दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. आधी काहीच नाही, मग एकदम पुराचं पाणी आत यावं तसा आवाज. “बसलीये! अगं, खरंच बसलीये!” “मान बघ, कशी ताठ!” “आपल्याकडेच बघतेय!” जाळीवर अंगं आदळत होती. एक बाई पुन्हापुन्हा नुसतं “माई, माई” म्हणत होती. तिच्या घरी कोण आजारी होतं, देव जाणे.

मी हात काढला असता तर? एवढंच करायचं होतं. बोलायची मला बंदी होती, हात काढायची नव्हती. मान पडली असती आणि सगळं तिथंच संपलं असतं. पण ती पडली असती कुणाच्या समोर? अख्ख्या गावाच्या. तोंड उघडं पडलं असतं, शिरोवस्त्र सरकलं असतं, आणि कोणी हसलंही असतं. माझं तोंड माझं असू दे, म्हणाली होती ती. त्या तोंडाची अब्रू राखायची तर हात तिथंच ठेवायला हवा होता. मला दोन्ही बाजूंनी रडू येत होतं आणि आवाज करायची सोय नव्हती.

मिस्सा झाली. मग फादर अन्सेल्मो बोलायला उभे राहिले. त्यांना थोडक्यात बोलता येत नसे, आणि त्या दिवशी तर समोर बिशप बसलेले. जिनेव्राचं बालपण, तिची पुस्तकं, तिची चित्रं, सगळं झालं. रडणाऱ्या बाळ येशूचं मात्र त्यांनी सांगितलं नाही. माझी बोटं बधिर झाली, मग मनगट, मग कोपरापर्यंत हात माझा राहिला नाही. दुसरा हात चिरेत शिरत नव्हता. मी दात आवळून दगडी फरशीकडे बघत राहिले आणि त्यांचं संपण्याची वाट पाहिली.

ते संपवतच आले होते. त्यांचा आवाज चढला, आणि मला कळलं की ते आता लोकांशी नाही, तिच्याशी बोलताहेत.

“जिनेव्रा! मातीनं तुला परत दिलं. आमचे डोळे तुझ्यासाठी भुकेले आहेत. सांग, तू इथंच आमच्यासमोर राहशील ना?”

माझा हात खांद्यापासून थरथरला. मी तो सावरायला गेले, आणि तिची मान पुढे झुकली आणि पुन्हा वर आली.

मग बायका किंचाळल्या, पुरुष हुंदके देऊ लागले, आणि सगळं गाव एका तोंडानं ओरडू लागलं, “हो म्हणाली! हो म्हणाली!”

“नाही!” मी पडद्यामागून ओरडले. “ती नाही म्हणाली होती!”

पण तोवर वरच्या घंटा वाजायला लागल्या होत्या. आणि माझा हात अजून तिच्या मानेखालीच होता.